काचेच्या पेटीतली अमानत

मनात संशय आला की मराठी माणूस म्हणतो, पाल चुकचुकली. भिंतीवर पाल दिसली की झाडू शोधायचा, दुधावर झाकण ठेवायचे, मुलांना बाजूला ओढायचे, ही आपल्या घरांची जुनी रीत. त्याच घरांत आता पालीची एक नातलग काचेच्या पेटीत, ऊब देऊन, चिमट्याने किडे भरवून पाळली जाऊ लागली आहे. तिला गेको म्हणतात. मी माणमध्ये उर्दू आणि मराठी शिकवते. माझ्या वर्गातली मुले पूर्वी मांजर, लव्हबर्ड आणि मासे यांच्याबद्दल बोलत. आता मधूनच एखादा विचारतो, "टीचर, लेपर्ड गेको माहीत आहे का?"

मुलाने हट्ट केला, कुणी भेट दिली किंवा परगावी गेलेल्या नातेवाइकाने सोपवले म्हणून हा जीव घरी येतो. त्यानंतर काय करायचे ते मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. हा लेख त्यासाठी आहे.

पाल आणि तिची नातलग

'गेको' हा शब्द मलायी भाषेतून आला. तिकडच्या पालीच्या ओरडण्याचीच ती नक्कल आहे. आपले 'चुकचुकणे' तसेच. पाली-गेकोंच्या जगात दीड हजाराहून अधिक जाती आहेत आणि त्यांपैकी एकही विषारी नाही. दुधात पाल पडली तर ते दूध टाकून द्यावे हे बरोबरच, पण त्याचे कारण तिच्या अंगावरचे आणि विष्ठेतले जंतू आहेत.

पाळण्यासाठी सर्वांत जास्त विकला जातो तो लेपर्ड गेको, म्हणजे बिबट्यासारख्या ठिपक्यांची पाल. मूळचा तो अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि आसपासच्या कोरड्या, खडकाळ प्रदेशातला. पूर्ण वाढ झाल्यावर तो सुमारे २० ते २५ सेंटिमीटर भरतो. घरच्या पालीत आणि त्याच्यात दोन फरक मुलांना दाखवण्यासारखे आहेत. पालीला उघडझाप करणाऱ्या पापण्या नसतात, याला असतात. पालीच्या बोटांना भिंतीला धरून राहणाऱ्या गाद्या असतात, याला त्या नसतात. त्यामुळे हा काचेवर चढू शकत नाही. शेपटी जाड असते, कारण उंटाच्या मदारीसारखी तीत चरबी साठलेली असते. घाबरला तर शेपटी टाकून देतो. नवी येते, पण ती आखूड आणि बेढब असते.

याची भावंडे आपल्या मातीतही आहेत. महाराष्ट्र आणि गुजरातच्या माळांवर एक जात राहते. सातपुड्याच्या डोंगरातली दुसरी जात २०१४ मध्ये मुंबईचे झीशान मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे आणली. साताऱ्याचे अमित सय्यद यांनी सहकाऱ्यांसह २०१८ मध्ये उत्तर सह्याद्रीतल्या चिमुकल्या पालींच्या चार नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. पाल म्हटले की नाक मुरडणाऱ्या मुलांना ही नावे मी मुद्दाम सांगते. उत्तरेकडे याच प्राण्याला 'बिसखोपरा' म्हणून भयंकर विषारी ठरवतात आणि दिसताच ठेचतात. बिचारा पूर्ण निरुपद्रवी आहे.

दादीचा प्रश्न

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे मामू हिंजवडीच्या तिसऱ्या फेजमध्ये नोकरीला होते. बदली झाली आणि ते आपला गेको भाच्याकडे सोपवून गेले. घर दोन खोल्यांचे, माणसे सहा. दादीने पेटीत डोकावून पाहिले आणि विचारले, "ज्याला मारण्यात सवाब, त्याला तू हाताने भरवणार?" मुलगा रडवेला झाला. अम्मीने मला फोन केला.

दादीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत 'वझग' मारण्याविषयी रिवायती आहेत, आणि उर्दू अनुवादांत त्या शब्दासाठी छिपकली हाही शब्द येतो. त्या शब्दात कोणकोणत्या जाती धरायच्या, पाळण्याचा हुकूम काय, विकत घेण्याचा काय, हे सांगणे शिक्षिकेचे काम नाही. ते आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे, आणि घरी आणण्यापूर्वी विचारावे. मुलाच्या हातात पेटी दिल्यावर विचारले तर उत्तर काहीही आले तरी कुणीतरी दुखावते.

पण एका गोष्टीत मतभेदाला जागा नाही, आणि तेवढे मी फोनवर सांगितले. मांजर कोंडून ठेवणाऱ्या स्त्रीची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. तिने मांजराला स्वतः खायला दिले नाही आणि जमिनीवरचे किडेमुंगे खायला मोकळेही सोडले नाही. अझाब झाला तो त्यासाठी. बंद पेटीतला प्राणी ऊब, पाणी, अन्न यांसाठी आपल्यावरच अवलंबून असतो. तो ठेवायचा की नाही हे ठरेपर्यंतही त्याला उपाशी किंवा थंडीत ठेवता येत नाही.

त्या घराने आलिमांना विचारले, आपसांत बोलले आणि गेको न ठेवण्याचे ठरवले. अनेक वर्षे गेको पाळणारे एक ओळखीचे गृहस्थ तो घ्यायला तयार झाले, पण ते परगावी असल्याने सहा आठवडे थांबावे लागले. त्या सहा आठवड्यांत मुलाने वहीत रोज तापमान लिहिले. आणि रोज संध्याकाळी दादीचाच आवाज यायचा, "पानी रखा क्या रे उसको?" तिला तो प्राणी आवडला नाही, शेवटपर्यंत नाही. पण कोंडलेल्या जिवाचा हक्क तिला कुणी शिकवावा लागला नाही.

आधी कायदा पाहा

ज्यांच्या घरी गेको राहणार आहे त्यांनी पहिल्यांदा कागद पाहावेत. रानातून, डोंगरावरून पकडून आणलेला गेको कुणी कितीही स्वस्त देत असेल तरी घेऊ नये. विक्रेत्याकडून पावती घ्यावी आणि तीवर जातीचे शास्त्रीय नाव लिहून घ्यावे. प्राणिविक्रीच्या दुकानांना २०१८ च्या नियमांनुसार राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ती आहे का, हे विचारायला संकोच नको.

वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्रजातींचा जिवंत प्राणी ज्याच्याकडे असेल त्याला २०२४ च्या नियमांप्रमाणे 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर नोंद करावी लागते. मादागास्करकडचे हिरवेगार डे गेको आणि ईशान्य भारतातला मोठा टोके गेको त्या आंतरराष्ट्रीय यादीत आहेत. टोकेपासून तर शंभर हात दूर राहावे. त्याच्यापासून एड्सवर औषध बनते अशी अफवा उठली आणि लाखोंच्या किमतीच्या लोभाने त्यांची बेसुमार पकड झाली. त्या औषधाला कसलाही आधार नाही. आपल्याकडच्या गेकोचे नाव यादीत आहे का, याची शंका असेल तर वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर विचारता येते.

रंगाच्या मोहातही पडू नये. 'लेमन फ्रॉस्ट' नावाचा पिवळाधमक प्रकार महाग विकला जातो. त्या रंगाच्या जनुकाबरोबरच त्वचेच्या गाठी, म्हणजे ट्यूमर येतात, हे संशोधनातून सिद्ध झाले आहे. 'एनिग्मा' प्रकारात अनेकांची मान वाकडी होते, ते गोल गोल फिरतात, भक्ष्यावरचा नेम चुकतो. साधा पिवळा, काळ्या ठिपक्यांचा गेकोच उत्तम.

पहिले पंधरा दिवस

नव्या घरी आलेला गेको घाबरलेला असतो. पहिले आठ-पंधरा दिवस त्याला हातात घेऊ नये. पाहुण्यांना दाखवू नये, फोटोसाठी फ्लॅश मारू नये. पेटीची तीन बाजूंची काच कागदाने झाकली तर त्याला सुरक्षित वाटते. पहिले काही दिवस तो खाणार नाही, त्याने घाबरून जाऊ नये. पाणी मात्र पहिल्या तासापासून हवे.

आठवड्यातून एकदा त्याचे वजन करून तारखेसह वहीत लिहावे. ग्रॅममध्ये दाखवणारा छोटा काटा लागतो. तो वेगळाच घ्यावा, स्वयंपाकघरातला वापरू नये. वजन सतत घटत असेल आणि शेपटी बारीक होत असेल तर आजार आहे असे समजावे. पहिल्या महिन्यातच विष्ठेचा ताजा नमुना डॉक्टरांकडून तपासून घेतला तर पोटातले जंत वेळीच कळतात.

घर आणि ऊब

एका प्रौढ गेकोला किमान ६० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद पेटी हवी, ९० सेंटिमीटर लांबीची मिळाली तर फारच चांगले. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. झाकण जाळीचे आणि घट्ट असावे. एका पेटीत एकच गेको ठेवावा. दोन नर एकमेकांना फाडतात, आणि दोन माद्यांतही एक दुसरीला उपाशी ठेवते.

सरपटणारे प्राणी आपल्यासारखी अंगात उष्णता तयार करत नाहीत. अन्न पचवायलाही त्यांना बाहेरची ऊब लागते. म्हणून पेटीची एक बाजू गरम हवी आणि दुसरी थंड. गरम बाजूच्या जमिनीचे तापमान ३१ ते ३३ अंश, थंड बाजूचे २४ ते २६ अंश. ऊब देणारी चटई किंवा दिवा थर्मोस्टॅटशिवाय कधीही लावू नये. थर्मोस्टॅट नसला तर चटई तापत जाते आणि पोट भाजते, आणि गेकोला ते वेळीच कळत नाही. हाताने अंदाज घेणेही खरे नसते. दोन्ही टोकांना डिजिटल थर्मामीटर ठेवावेत.

आपल्या भागाचे तीन ऋतू तीन वेगळ्या अडचणी घेऊन येतात. डिसेंबर-जानेवारीत माणच्या मोकळ्या बाजूला पहाटे चांगलाच गारठा असतो. रात्री पेटीतले तापमान १८ अंशांखाली जाऊ देऊ नये. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी पारा ३८ च्या पुढे जातो. तेव्हा चटई बंद ठेवावी आणि पेटी घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात न्यावी. पेटी उन्हाच्या खिडकीत तर कधीच नको, काचेमागे ऊन जीवघेणे ठरते. आणि मुळशीच्या बाजूचा पावसाळा! हा कोरड्या प्रदेशातला जीव, त्याला सतत ओलसर हवा सोसत नाही. छातीत संसर्ग होतो, तोंड उघडे ठेवून श्वास घेतो, नाकातून बुडबुडे येतात. त्या चार महिन्यांत पेटीत हवा खेळती ठेवावी आणि ओला कागद लगेच बदलावा.

गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली तर दोन-चार तासांनी काही बिघडत नाही. हिवाळ्यात जास्त वेळ गेली तर पेटीवर चादर टाकावी आणि कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एका बाजूला ठेवावी.

आत लपायला तीन जागा हव्यात: एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, आणि एक ओलसर. तिसरी घरीच होते. प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्याला गोल भोक पाडायचे, कडा घासून गुळगुळीत करायच्या, आत ओला टिश्यू कागद ठेवायचा. खाली टिश्यू कागद किंवा साधी फरशी असावी. सुटी वाळू नको. भक्ष्याबरोबर ती पोटात जाऊन आतडे तुंबते.

मगरिबनंतरचे जेवण

गेको दिवसा झोपतो आणि दिवेलागणीला जागा होतो. मगरिबची नमाज झाली की त्याला खायला द्यावे, हे वेळापत्रक मुलांच्याही लक्षात राहते.

हा फक्त किडे खातो. पोळी, भात, दूध, फळ, कोथिंबीर काहीही चालत नाही. किडा जिवंत आणि हलता हवा. ज्या घरात कुणालाच किड्यांना हात लावणे जमणार नाही, त्या घराने गेको आणूच नये. पुण्यातल्या दुकानांत मीलवर्म आणि पाळलेले रातकिडे मिळतात. किड्याची रुंदी गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून जास्त नसावी. पिल्लाला रोज आणि प्रौढाला आठवड्यातून दोन-तीनदा, एका वेळी पाच-सात किडे पुरतात. न खाल्लेले रातकिडे रात्रभर पेटीत सोडू नयेत, ते झोपलेल्या गेकोलाच चावतात.

घरातली झुरळे आणि बाहेरचे किडे पकडून देऊ नयेत. त्यांच्या अंगावर फवारणीचे विष असू शकते. काजवा तर चुकूनही नको, तो विषारी ठरतो.

किड्यांना आदल्या दिवशी गाजर, कोंडा असे चांगले खाऊ घालावे, म्हणजे ते सत्त्व गेकोला मिळते. देताना किडे कॅल्शियमच्या भुकटीत घोळवावेत आणि डी-३ जीवनसत्त्व असलेली भुकटी किती दिवसांनी द्यायची ते डॉक्टरांना विचारून ठरवावे. कॅल्शियम नसले तर हाडे मऊ पडतात. जबडा रबरासारखा होतो, पाय वाकतात, अंग थरथरते. वाकलेली हाडे पुन्हा सरळ होत नाहीत.

कात, डॉक्टर आणि साबण

काही आठवड्यांनी गेकोचा रंग पांढुरका होतो आणि तो कात टाकून ती स्वतःच खातो. बोटांवर कात अडकली तर रक्त थांबते आणि बोट गळून पडते. म्हणून प्रत्येक कातेनंतर वीसही बोटे पाहावीत. अडकलेली दिसली तर उथळ कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवावे आणि ओल्या कापसाने हलके पुसावे. कोरडी कात ओढू नये.

सरपटणारे प्राणी तपासणारे डॉक्टर पुण्यात मोजके आहेत. आजारी पडल्यावर शोधण्यापेक्षा आणतानाच त्यांचा पत्ता काढून ठेवावा.

आता आपल्या आरोग्याचे. निरोगी दिसणाऱ्या गेकोच्या विष्ठेतही सॅल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांनी जुलाब, ताप, पोटदुखी होते आणि लहान मुलांत आजार गंभीर होऊ शकतो. घरात पाच वर्षांखालचे मूल, गरोदर स्त्री, फार वृद्ध किंवा कमजोर प्रतिकारशक्तीचा माणूस असेल तर हा प्राणी आणू नये हे उत्तम. आधीच असेल तर त्यांनी त्याला हात लावू नये. हात लावणाऱ्याने प्रत्येक वेळी साबणाने निदान वीस सेकंद हात धुवावेत. वुजूच्या पाण्याने हात ओले झाले म्हणजे ते काम झाले, असे समजू नये. पेटी, पाण्याची वाटी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नये. पेटी ओट्यापासून आणि नमाजच्या जागेपासून दूर ठेवावी. मुलांना गेकोचा पापा घेऊ देऊ नये.

हातात घ्यायचा तेव्हा मुलाने जमिनीवर बसावे, हात खालून सरकवावा आणि गेकोला स्वतः चढू द्यावे. वरून झडप घातली तर त्याला ते शिकारी पक्ष्यासारखे वाटते. शेपटीला कधीच धरू नये. दहा-पंधरा मिनिटे पुष्कळ झाली.

पंधरा-वीस वर्षांचा हिशेब

चांगली देखभाल झाली तर लेपर्ड गेको पंधरा ते वीस वर्षे जगतो. सातवीतल्या मुलाने आणला तर त्याचे कॉलेज, नोकरी, कदाचित निकाह होईपर्यंत तो असणार. मुलगा शिकायला बाहेर गेला की किडे कोण भरवणार, हे आजच अम्मीला विचारून ठेवावे. उत्तर बहुधा तिच्याच वाट्याला येते. तिची मनापासून हो असेल तरच पुढे जावे. आईच्या नाखुशीवर कुठलाही पाळीव प्राणी फार काळ सुखाने राहत नाही.

ईदला किंवा मेच्या सुट्टीत गावी जाताना प्रौढ गेको तीन-चार दिवस अन्नावाचून राहू शकतो, पण पाणी आणि योग्य तापमान यांवाचून नाही. शेजाऱ्याला किल्ली द्यावी आणि काय पाहायचे ते कागदावर लिहून द्यावे.

आणि कधी ठेवणे अशक्यच झाले, तर त्याला टेकडीवर किंवा शेतात सोडून 'मोकळा केला' म्हणून समाधान मानू नये. परक्या हवेत तो उपासमारीने किंवा थंडीने मरेल, आणि पेटीतले आजार आपल्या रानातल्या पालींना देऊन जाईल. अनुभवी पाळणारा शोधावा किंवा वनखात्याला विचारावे. लागतील तेवढे दिवस लागू द्यावेत, आणि तोवर रोजचे पाणी चुकवू नये.

तहानलेल्या कुत्र्याला मोज्यातून पाणी पाजणाऱ्याची आणि कोंडलेल्या मांजराची, अशा दोन्ही हदीस आपण मुलांना गोष्टीसारख्या सांगतो. काचेच्या पेटीजवळ त्यांचा रोज सराव होतो. मुलाला तो सराव झेपेल का, हे पाहायचे असेल तर गेको आणण्याआधी दोन महिने त्याला एकच काम द्यावे. गॅलरीत पक्ष्यांसाठी पाण्याचे भांडे ठेवायचे आणि रोज ते घासून भरायचे. साठ दिवसांत किती दिवस चुकले ते वहीत लिहायला सांगावे. गेको आणायचा की नाही, याचे अर्धे उत्तर त्या वहीतच मिळेल.